अम्मीचा डोळा आणि पुढचा रविवार

"कधीपासून असं होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रश्न अम्मीला होता, पण उत्तर द्यायला आम्ही नवरा-बायको पुढे सरसावलो आणि दोघांनी दोन वेगळे महिने सांगितले. मी म्हणालो, दिवाळीपासून. बायको म्हणाली, नाही, गणपतीच्या आधीपासून. मग अम्मी स्वतःच बोलली, "डॉक्टरसाहेब, ईदला शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातून पडली ना, तेव्हापासून. उजव्या अंगाचं नीट दिसतच नव्हतं."

ती वाटी मला आठवत होती. टेबलाच्या कडेला अर्धी बाहेर ठेवली गेली आणि कलंडली. पाहुणे हसले, आम्हीही हसलो. ईद मार्चअखेरीला होती आणि डॉक्टरांसमोर आम्ही बसलो होतो तो जानेवारी महिना. म्हणजे नऊ महिन्यांच्या वर काळ गेला होता.

काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली आहे, ती परत येत नाही. उरली आहे ती आणि डाव्या डोळ्याची नजर थेंबांवर टिकवायची. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे एवढंच सांगितलं की हा आजार दुखत नाही, म्हणून लोक उशिरा येतात.

त्या रात्री मी मागचे नऊ महिने मोजायला बसलो. एप्रिलमध्ये ऑफिसात वर्षअखेरीचा हिशेब. मे महिन्यात गावाकडे लग्न. जूनमध्ये मुलीची दहावी सुरू झाली, क्लासची फी, पुस्तकं. पावसाळ्यात गाड्या कधी येतील आणि कधी अडकतील याचा भरवसा नसतो, तेव्हा आजारी माणसाला घेऊन कोण निघणार. सप्टेंबरात मला ताप. दिवाळीत दवाखाने बंद. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. प्रत्येक वेळी आम्ही अम्मीला एकच वाक्य सांगितलं, "पुढच्या रविवारी नक्की." आणि प्रत्येक वेळी ती म्हणाली, "हो बेटा, घाई नाही."

आता माझा दिवस कसा जातो ते सांगतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा असाच जातो, त्यामुळे थोडक्यात आटपतो. आमचं घर बदलापूर पूर्वेला. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. जलद गाडी साधारण दीड तास घेते, तीही वेळेवर असली तर. घरून स्टेशन, स्टेशनवरून गाडी, उतरून ऑफिसपर्यंतची पायपीट, असं सगळं धरून मला एका बाजूला सव्वादोन तास लागतात. दोन्ही बाजूंचे साडेचार. वर्षाला कामाचे २९० दिवस धरले तर तेराशे पाच तास होतात. चोवीसने भागा. चोपन्न दिवस. दरवर्षी मी चोपन्न दिवस आणि चोपन्न रात्री लोकलमध्ये आणि लोकलच्या वाटेवर असतो. हे घर आम्ही २०१२ मध्ये घेतलं. लॉकडाऊनचा काळ वजा केला तरी आयुष्याची पावणेदोन वर्षं त्यात गेली.

घर स्वस्त मिळालं, असं तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगत होतो. मुंबईच्या जवळ परवडत नव्हतं. आणि परवडणाऱ्या दोन-तीन ठिकाणी दलालाने नाव विचारल्यावर फोन उचलणं बंद केलं, तेही एक कारण होतंच. इथे मिळालं, अल्हम्दुलिल्लाह, चांगले शेजारी मिळाले. पण घराच्या किमतीचा एक भाग आपण बँकेला भरतो आणि दुसरा भाग तासांत भरतो. त्या दुसऱ्या हप्त्याचा कागद कोणी दाखवत नाही.

एक गंमत सांगतो. प्रवासात नमाज कमी करण्याची सवलत किती अंतरापासून लागू होते, असं मी एकदा मशिदीत मौलानांना विचारलं होतं. हनफी उलेमा साधारण ४८ मैल धरतात, म्हणजे ७७-७८ किलोमीटर. मौलाना हसले. म्हणाले, "कर्जतहून जाणारा मुसाफिर ठरेल भाई, तुम्ही नाही. तुम्ही घरचेच." कर्जत सीएसएमटीपासून १०० किलोमीटरवर. आम्ही नऊ-दहा किलोमीटरने कमी पडलो. रोज साडेचार तास वाटेवर असलेला माणूस शरीयतच्या हिशेबात प्रवासी नाही आणि सरकारच्या हिशेबात तर तो फक्त पासधारक आहे.

वेळेचं नियोजन शिकवणारे व्हिडिओ मीही पाहिलेत, गाडीतच पाहिलेत. पहाटे पाचला उठा, म्हणतात. आमच्या सोसायटीत पाचला उठणारा आळशी समजला जातो. फजरच्या अजानीच्या आधी निम्म्या खिडक्यांत दिवे लागलेले असतात. दिवसाचे तुकडे पाडा, म्हणतात. तुकडे आमच्या हातात असते तर पाडले असते. लोकलमधल्या बायका मेथी निवडतात, मटार सोलतात, मुलाचा अभ्यास फोनवरून घेतात. अंबरनाथचा माणूस सकाळी आधी उलट दिशेच्या गाडीने बदलापूरला येतो, तिथे जागा पकडतो आणि त्याच गाडीने बसून परत अंबरनाथवरून मुंबईला जातो. बसायला मिळावं म्हणून तो वीस-पंचवीस मिनिटं जास्त खर्च करतो. त्यावरून बदलापूरकर आणि अंबरनाथकरांची भांडणं होतात, तो भाग वेगळा. पण वेळ आणि पाय यांचा इतका बारीक हिशेब करणाऱ्या माणसाला नियोजन शिकवायला जाणं म्हणजे माशाला पोहायचे धडे देणं आहे.

मग अम्मीचा डोळा का राहिला? नियोजन येत होतं, मायाही होती.

याचं उत्तर मला अब्बांच्या आठवणीत सापडलं. अब्बा अंबरनाथला एका कारखान्यात होते. अंबरनाथ तेव्हा कारखान्यांचं गाव होतं. विमकोची काडेपेटी, ऑर्डनन्स फॅक्टरी, मग एमआयडीसी. आमची चाळ कारखान्यापासून पायी पंधरा मिनिटांवर. भोंगा झाला की अब्बा निघत. (भोंगा म्हटलं की हल्ली लोकांना वेगळंच आठवतं. मी कंपनीच्या भोंग्याबद्दल बोलतोय.) सुटीचा भोंगा झाला की अर्ध्या तासात ते हातपाय धुऊन दारात बसलेले असत. ते आम्हाला शाळेत सोडत, दवाखान्यात नेत, रेशनच्या रांगेत उभे राहत, आणि तरी कोणाच्या मयतीला किंवा बारशाला जायला त्यांच्याकडे वेळ उरत असे. अब्बांना आमच्यापेक्षा वेळेचं जास्त कळत होतं असं नाही. त्यांचं काम, त्यांचं घर आणि त्यांचा दवाखाना एका भोंग्याच्या टप्प्यात होते, एवढंच.

त्या काळाचं मला कौतुक करायचं नाही. त्या सुटसुटीत आयुष्याच्या मागे अम्मी होती. ती पहाटे नळाला नंबर लावायची आणि तिचा दिवस कुठल्याच भोंग्याने संपत नव्हता. तो आजही संपलेला नाही. फक्त आता तिला दिसत नाही.

आमच्या दिवसात ज्या ज्या गोष्टीला भोंगा आहे ती होते. ऑफिसला लेटमार्क आहे, तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार जातो, म्हणून ऑफिस होतं. लोकल कोणासाठी थांबत नाही, म्हणून लोकल पकडली जाते. शाळेला घंटा आहे, बँकेच्या हप्त्याला तारीख आहे. रमजानमध्ये इफ्तारला वेळ आहे, म्हणून तीही होते. मगरिबच्या सुमाराला गाडी ठाण्याच्या आसपास असते, डब्यातले अनोळखी लोक वाट करून देतात, कोणी पाण्याची बाटली पुढे करतं, एक खजूर चार जणांत फिरतो. त्या महिन्यात आम्ही तेवढेच थकलेले असतो, गाडी तेवढीच भरलेली असते, तरी वेळ निघतो, कारण सूर्य मावळण्याची वेळ पुढच्या रविवारवर टाकता येत नाही.

आणि ज्याला भोंगा नाही ते पुढे ढकललं जातं. अम्मीचा डोळा लेटमार्क देत नव्हता. तिच्या त्या "घाई नाही"चा आम्ही सोयीचा अर्थ घेतला. "मला वेळ नाही" हे वाक्य आपण आपली परिस्थिती सांगायला वापरतो. ऐकणाऱ्याला मात्र ते "तू थांबू शकतोस" असं ऐकू येतं. आणि आपण ते कोणाला म्हणतो ते बघा. साहेबाला कधीच नाही. म्हातारी आई, लहान मूल, जुना मित्र आणि आपलं स्वतःचं शरीर, यांनाच म्हणतो, कारण यातलं कोणी पगार कापत नाही.

इथपर्यंत दोष माझा आहे आणि तो मी घेतो. पण पुढचा दोष एकट्या माझ्या डोक्यावर घ्यायला मी तयार नाही.

आमच्या तिन्ही गावांची, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरची, एक विचित्र गोष्ट आहे. इथली सगळी कामं आम्ही गावात नसताना चालतात. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी, आणि डोळ्यांसारख्या खास तपासण्या तर ठरावीक वारी सकाळीच. बँक, पोस्ट, रेशन, दाखले, घरपट्टी, सगळं दहा ते साडेपाच. शाळेत पालकांची सभा शनिवारी अकरा वाजता. मी सहाच्या सुमारास घर सोडतो आणि रात्री नऊच्या पुढे परततो. खासगी डॉक्टर संध्याकाळी बसतात हे खरं. पण मी पोहोचतो तेव्हा कंपाउंडर शटर अर्ध्यावर ओढत असतो. आणि रविवार? रविवारी डोळ्याचे बहुतेक डॉक्टर बंद असतात. "पुढच्या रविवारी नक्की" असं आम्ही नऊ महिने म्हणत होतो, पण तो रविवार उगवला असता तरी आम्हाला बंद दारच दिसलं असतं. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजार झाली. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, पण कात्रपला किंवा बेलवलीला एक फेरी मारली की कळतं काय झालंय ते. ही वाढ मुंबई-ठाण्याला कामाला जाणाऱ्यांची आहे. मग गावाची घड्याळं अजून त्या जुन्या, कारखान्यांच्या काळातल्या गावाप्रमाणे का चालतात? दिवसभर रिकाम्या होणाऱ्या गावात सकाळची ओपीडी ही कोणासाठी आहे? जो घरी आहे त्याच्यासाठी, म्हणजे म्हाताऱ्यांसाठी, असं कोणी म्हणेल. पण त्यांना तिथपर्यंत नेणारं माणूस तर गाडीत आहे.

हे बदलता येत नाही असं मुळीच नाही. "आपला दवाखाना" योजनेत सरकारने दवाखाने रात्री दहापर्यंत उघडे ठेवायचं ठरवलंच की. म्हणजे कामावरून माणूस किती वाजता परततो हे मंत्रालयाला माहीत आहे. ताप-खोकल्यासाठी जे सुचलं ते डोळा, रक्तदाब, साखर यांच्या तपासणीसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ सुचायला काय हरकत आहे? दाखल्यांची एक खिडकी रविवारी सकाळी उघडी राहिली तर किती अर्ध्या रजा वाचतील? ही मागणी फार मोठी नाही. उड्डाणपूल मागत नाही आहोत. गावाने आपल्या माणसांच्या घड्याळाप्रमाणे चालावं, एवढंच.

घड्याळ कोणाचं चालवायचं हे भांडण मुंबईला नवीन नाही. १९०६ मध्ये सरकारने देशभर एकच प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईचं घड्याळ त्याच्या ३९ मिनिटं मागे होतं. मुंबईकरांनी ते मान्य केलं नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, कारण घड्याळ पुढे सरकवलं म्हणजे त्यांना तेवढं लवकर उठून यंत्रावर उभं राहावं लागणार होतं. "मुंबई टाइम" अधिकृतपणे जायला १९५५ साल उजाडलं. एकोणचाळीस मिनिटांसाठी एक शहर पन्नास वर्षं अडून बसलं होतं. आम्ही रोजच्या साडेचार तासांसाठी काय करतो? स्टेटस ठेवतो, "लाइफ इन अ मेट्रो".

तसं अगदीच काही करत नाही असंही नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या तेव्हा बदलापूर आणि कळव्याचे प्रवासी स्टेशनांवर जमले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. म्हणजे मागितलं तर ऐकलं जातं, कधीकधी. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झाली. अंतर फक्त चौदा किलोमीटर. ती होईल तेव्हा होईल. आम्ही गाडीत त्याविषयी बोलतो तेव्हा एक काका दरवेळी विचारतात, "माझ्या रिटायरमेंटच्या आधी ना?" आणि चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले आम्ही सगळे हसतो.

आता घरातलं सांगतो, कारण सगळा दोष रेल्वेवर आणि नगरपालिकेवर टाकून मोकळं होणं हेही सोयीचंच आहे.

माझी बायको अंबरनाथच्या एका शाळेत शिकवते. एकाच स्टेशनचा प्रवास, पण सकाळच्या भरलेल्या गाडीतून अंबरनाथला उतरणं हे चढण्यापेक्षा कठीण, म्हणून ती बस किंवा शेअर रिक्षाने जाते. दुपारी अडीचला घरी. मी नेहमी म्हणायचो, "तुझं बरं आहे, तू अडीचला मोकळी." डॉक्टरांकडून आल्यावर मी पहिल्यांदा तिला विचारलं की अडीचनंतर तू काय करतेस. विचारण्यात थोडा आरोप होता, खरं सांगतो. अडीचनंतर अम्मीला नेता आलं नसतं का, असा तो आरोप.

ती चिडली नाही. तिने एका वहीच्या पानावर लिहून दिलं. अडीच ते साडेतीन स्वयंपाकघर आवरणं आणि अम्मीचं जेवण-औषध. साडेतीन ते साडेपाच घरी शिकवणी, कारण घराचा हप्ता एका पगारात बसत नाही. मग पाणी, कपडे, मुलीचा अभ्यास, रात्रीचा स्वयंपाक, माझं ताट, सकाळचे तीन डबे. शेवटी लिहिलं होतं, "रात्री ११. तुम्ही फोन बघता. मी डाळ भिजत घालते."

केंद्र सरकारने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातल्या बिनपगारी कामांना बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं. आणि ही सरासरी जे पुरुष काहीतरी करतात त्यांचीच आहे. जे काहीच करत नाहीत ते त्यात नाहीतच. मी माझी मिनिटं मोजली. रविवारी मटण आणणं धरलं तरी ८८ होईनात. मी ज्याला "घरातली वेळेची टंचाई" म्हणत होतो, त्यात माझ्या वाटणीचा भार तिच्या वाटणीत ढकलून मग तिलाच "तुला जमलं असतं" म्हणण्याची सोय होती. आपल्या समाजात याला मजहबचा रंग द्यायला काही लोक तयार असतात. हुजूर आपले कपडे स्वतः शिवत, घरकामात हात लावत, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो, माशाअल्लाह म्हणतो आणि घरी येऊन पाणी मागतो.

आणि प्रवास हेच एक कारण आहे असंही नाही. उल्हासनगरला माझी मावसबहीण राहते, कॅम्प पाचच्या बाजूला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना लष्करी छावणीच्या बराकींत वसवून हे शहर उभं राहिलं, १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर नाव मिळालं. कॅम्प हा शब्द अजून पत्त्यात आहे. घर तिथेच धंदा, ही त्या शहराची जुनी रीत. आज तिथे जीन्सचं काम चालतं. माझी बहीण घरी बसून जीन्सचे लोंबणारे धागे कापते, नगावर पैसे. तिला लोकल नाही, लेटमार्क नाही, एक मिनिटाचा प्रवास नाही. आणि तरीही भेटलं की पहिलं वाक्य, "भाईजान, टाइमच नाही मिळत." नगावर पैसे असले की प्रत्येक रिकामं मिनिट म्हणजे न कापलेला धागा. मुलाला जेवू घालतानाही तिचा डावा हात ढिगाकडे जातो. तिला कामाचा दर नीट मिळाला असता तर तिला वेळही मिळाला असता. तिच्यापुढे नियोजनाच्या गप्पा मारायची मला लाज वाटते.

घाईबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती मी टाळत आलोय.

९ जून २०२५ चा सोमवार. सकाळी नऊच्या सुमारास दिवा आणि मुंब्रा यांच्या मधल्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या. एक कसाऱ्याकडे जाणारी, दुसरी कर्जतहून सीएसएमटीकडे येणारी. म्हणजे आमच्याच स्टेशनांवरून आलेली. दारात लोंबकळणारे लोक एकमेकांना किंवा त्यांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकींना घासल्या आणि माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. मी त्या गाडीत नव्हतो, माझी गाडी आधीची. पण दारात मीही असायचो. बायकोचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. ती काही बोलली नाही, नुसता श्वास ऐकू आला, मग म्हणाली, "ठीक आहे, ठेवते."

नव्या गाड्यांना बंद होणारी दारं बसवू, असं रेल्वेने लगेच जाहीर केलं. मुंबईच्या लोकलवर कोविडची वर्षं सोडली तर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून. प्रवाशांना गुरांसारखं न्यावं लागतं याची लाज वाटते, अशा अर्थाचं उच्च न्यायालयही २०२४ मध्ये बोललं होतं. हे सगळं खरं. पण त्या दिवशी संध्याकाळी गाडीत आमच्या ग्रुपमध्ये शांतता होती, तेव्हा एका तरुण मुलाने जे विचारलं ते मला विसरता येत नाही. तो म्हणाला, "काका, पुढची गाडी सोडली असती तर किती उशीर झाला असता?" कोणीतरी म्हणालं, दहा मिनिटं. मग कोणीच काही बोललं नाही.

मध्य रेल्वे ऑफिसांना पत्रं लिहिते की कामाच्या वेळा मागेपुढे करा, सगळे एकाच तासात येऊ नका. बऱ्याच मालकांच्या टेबलावर ती पत्रं पडून असतील. माझ्या साहेबांकडे मी स्वतः गेलो. म्हटलं, मला साडेदहाऐवजी साडेनऊची हजेरी द्या आणि संध्याकाळी एक तास आधी सोडा. तेरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं, कारण "नाहीच म्हणतील" असं धरून चाललो होतो. ते म्हणाले, "करा की, मला काय." एवढंच. मला आधी आनंद झाला आणि मग तेरा वर्षांचा हिशेब आठवून राग आला, बराचसा स्वतःवर. अर्थात, सगळ्यांचे साहेब असे नसतात. दुकानात, वखारीत, सिक्युरिटीच्या ड्यूटीवर असलेल्याला हे विचारायची सोय नाही. त्यांच्यासाठी नियमच व्हावा लागेल.

घरी आम्ही फार काही बदललं नाही. सकाळचे डबे आता मी भरतो, पोळ्या अजून तिच्याच. मुलीने कपड्यांचं घेतलं. शिकवणीची एक तुकडी बायकोने बंद केली, त्याचे पैसे गेले, ते जाणवतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तीन ग्रुपमधून मी बाहेर पडलो, त्यातला एक खानदानाचा होता, त्यावरून दोन चुलते अजून रुसलेले आहेत.

गाडीत एक कागद फिरतोय. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सहा ते नऊ डोळे, रक्तदाब आणि साखरेची ओपीडी असावी, असा अर्ज. मजकूर मी लिहिला, रिटायरमेंटवाल्या काकांनी तो साफ केला, म्हणाले, "तुमचं मराठी छान आहे हो, पण अर्जात इतका राग नको." त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं राहिलं होतं, हे मला त्यादिवशी कळलं. शेजारी बसून सात वर्षं प्रवास केला आम्ही. महिलांच्या डब्यात तो कागद बायकोच्या मैत्रिणीने नेला आणि तिथे आमच्या दुप्पट सह्या झाल्या. पुढच्या आठवड्यात अंबरनाथच्या लोकांना द्यायचा आहे, जागेवरून भांडण झालं नाही तर.

अम्मीला थेंब रात्री एकाच ठरावीक वेळी घालायचे असतात. बाटली फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी. डॉक्टरांनी नऊ सांगितलेत. मी आता साडेआठपर्यंत पोहोचतो. फोनवर गजर लावलाय, तो वाजला की मुलगी ओरडते, "अब्बू, दादीचा भोंगा." अम्मी खाटेवर मान मागे टाकून बसते. माझा हात अजून थोडा थरथरतो, पहिला थेंब हमखास गालावर जातो. काल गाडी दिव्याला वीस मिनिटं थांबली होती, धावत जिना चढलो, दार उघडं होतं. अम्मी मान मागे टाकून तयारच बसलेली होती, डोळे मिटून.

"आलास?" म्हणाली. "आधी पाणी पी. घाई नाही."

मी बाटली काढली.